वाण की गुण?

मराठीत एक म्हण आहे, ‘खाण तशी माती’. दुसरी आहे, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. पहिली सांगते की माणूस जिथून आला तसाच निघणार. दुसरी सांगते की शेजारी कोण बांधलाय त्यावर सगळं ठरतं. या दोन्ही म्हणी एकाच घरात, एकाच मुलाबद्दल, एकाच दुपारी ऐकू येतात आणि कुणालाही त्यात विसंगती जाणवत नाही. कारण निकाल आधीच लागलेला असतो, म्हण त्यावर फक्त शिक्का मारते.

समलैंगिकतेबद्दलचं आपलं बोलणं बरंचसं या दोन म्हणींमध्ये अडकलेलं आहे. विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘हे जन्मतःच असतं, की संगतीनं होतं?’ विचारणारा चांगल्या मनाचा असतो तेव्हाही हाच प्रश्न येतो, आणि नसतो तेव्हाही. जन्मतःच असेल तर ‘बिचाऱ्याचा काय दोष’, संगतीनं असेल तर ‘वेळीच लक्ष द्यायला हवं होतं’. हा वाद आपल्या साहित्यात कसा उतरला आहे हे पाहायचं तर दोन कलाकृती शेजारी ठेवून वाचाव्यात : विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे १९८१ साली रंगभूमीवर आलेलं नाटक आणि सचिन कुंडलकरांची २००६ साली प्रसिद्ध झालेली ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी. दोन्हींमध्ये पंचवीस वर्षांचं अंतर आहे. एक ‘का?’ या प्रश्नाला उत्तर देऊ पाहते. दुसरी तो प्रश्न विचारतच नाही. या फरकामुळे दोन्हीकडच्या माणसांचं काय होतं, ते या लेखात पाहायचं आहे.

कारण कुणाचं शोधतात?

सॉफ्टवेअरच्या कामात ‘रूट कॉज अॅनालिसिस’ नावाचा एक रिवाज असतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, लोकांचे पैसे अडकले, की दुसऱ्या दिवशी बसून लिहायचं : काय झालं, कधी झालं, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. हा कागद फक्त बिघाडाचा लिहितात. वर्षभर सुरळीत चाललेल्या सर्व्हरचं मूळ कारण कुणी शोधत नाही. तसं विचारलं तर मॅनेजर वेड्यात काढेल.

भिन्नलैंगिक माणसाला कुणी विचारत नाही, ‘तुला मुली का आवडतात? लहानपणी काही झालं होतं का? आई फार कडक होती का?’ विज्ञानाच्या दृष्टीनं हा प्रश्न तितकाच खरा आणि तितकाच अवघड आहे. आकर्षण मुळात कसं तयार होतं याचं पूर्ण उत्तर मिळालं, तर ते सगळ्यांबद्दलचं मिळेल. पण सामाजिक व्यवहारात ‘का?’ हा प्रश्न एकाच बाजूला विचारला जातो. त्यामुळे उत्तर काहीही आलं तरी विचारण्यातूनच एक गोष्ट ठरून जाते : इथे काहीतरी बिघडलेलं आहे.

कुतूहल वाईट असतं, असा याचा अर्थ नाही. वैज्ञानिकांनी हा प्रश्न विचारला आणि त्यातून बरंच हाती लागलं. ते पुढे येईलच. पण कथा-नाटकात एखाद्या पात्राला ‘का?’ची फाईल जोडली जाते तेव्हा ती कुणाला जोडली आणि कुणाला नाही, हे पाहिलं पाहिजे.

मित्राची फाईल

‘मित्राची गोष्ट’ हे धाडसी नाटक होतं, यात वाद नाही. विनय आपटेंचं दिग्दर्शन आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातलं कॉलेज. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, आपल्याला कळते ती बापूच्या तोंडून. बापू लाजरा, स्वतःबद्दल न्यूनगंड असलेला मुलगा. मित्रा त्याच्याशी बरोबरीनं बोलते, त्याच्याबरोबर हिंडते, आणि बापू तिच्यात गुंतत जातो. मग मित्रा आत्महत्येचा प्रयत्न करते, वाचते आणि बापूला कारण सांगते. लग्नाच्या हालचाली सुरू झाल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की पुरुषाबद्दल तिला काही वाटत नाही. खात्री करून घेण्यासाठी तिने घरातल्या नोकराबरोबर स्वतःवरच प्रयोग करून पाहिला होता.

या प्रयोगाजवळ थांबायला हवं. एक मुलगी स्वतःच्या शरीराचीच चाचणी घेते, आणि ती चाचणीसुद्धा उलट्या बाजूनं. आपल्याला कोण आवडतं हे शोधण्याऐवजी, जे आवडायला हवं ते आवडतं का, हे ती तपासते. चाचणीत नापास झाल्यावर तिला मरावंसं वाटतं. तेंडुलकरांनी हे कसलाही आरडाओरडा न करता लिहिलं आहे, आणि नाटकातली ही सर्वांत खरी जागा आहे. ‘का?’ हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारायच्या आधीच आतून विचारला जातो आणि तो किती निर्दयपणे विचारला जातो, हे इथे दिसतं.

अडचण पुढे आहे. मित्रा अशी का, याचं उत्तर नाटक तिच्या चालण्याबोलण्यातून देत राहतं. ती ‘मुलासारखी’ आहे. बिनधास्त, धिप्पाड वागण्याची, मुलांच्यात सहज मिसळणारी. कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका नमा देशमुख, आणि तिथून ती नमाच्या प्रेमात पडते. मुलासारखी आहे म्हणून मुलगी आवडते, असं एक सरळ गणित प्रेक्षकाच्या हाती लागतं. आपला लिंगभाव आणि आपल्याला कोण आवडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गणितात हरवतं. मित्रा उपजतच अशी, म्हणून तिला दोष देऊ नका, असा त्यामागचा हेतू असावा. १९८१ सालच्या प्रेक्षकाला तिच्याजवळ आणायचं तर हा सर्वांत सोपा रस्ता होता.

पण याच नाटकात नमा आहे. नाजूक, सुंदर, कॉलेजातल्या मुलांच्या नजरेतली. नमा मित्राला भेटायला येते. बापूच्या मदतीनं मिळालेल्या खोलीत त्या दोघी भेटतात. मन्या दळवीशीही तिचं नातं आहे. नमा या नात्यात का येते? नाटक तिला हा प्रश्न विचारत नाही. तिची फाईल नाही. ती वरकरणी ‘बाईसारखी’ आहे, त्यामुळे तिच्यात काही उपजत आहे असं म्हणायची सोय नाही. मग ती भुललेली, ओढली गेलेली ठरते. एकाच नात्यातल्या दोघींसाठी नाटक दोन म्हणी वापरतं : मित्रासाठी ‘खाण तशी माती’ आणि नमासाठी ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’.

आणि बापू? मिळणार नाही हे ठाऊक असलेल्या मुलीपाठी तो का झुरतो, तिच्यासाठी खोलीची किल्ली का मिळवतो, तिच्या प्रेमपत्रांच्या भानगडीत का पडतो? याला कारण लागत नाही. हे प्रेम आहे, हे आपल्याला कळतं. शेवटी बापूही हात सोडवून घेतो, मित्रा दारूकडे आणि मग मरणाकडे जाते. गोष्ट सांगायला बापू उरतो. नाटकाचं नावच सांगतं की ही मित्राची गोष्ट आहे. पण मित्राच्या मरणापर्यंत तिची गोष्ट तिला स्वतः सांगता आलेली नाही. कारणं मात्र तिचीच शोधून झाली आहेत.

त्याच वर्षी दुसरीकडे

हे नाटक आलं त्याच वर्षी, १९८१ साली, अमेरिकेत अॅलन बेल, मार्टिन वाइनबर्ग आणि स्यू हॅमरस्मिथ यांचं ‘सेक्शुअल प्रेफरन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याआधी वीस वर्षं तिथल्या मनोविश्लेषकांमध्ये संगोपनाच्या बाजूचं एक मत जोरात होतं. अर्विंग बीबर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली आपल्या पेशंटांच्या अभ्यासावरून मांडलं होतं की जास्त चिकटून राहणारी आई आणि दूर, थंड असलेला बाप यांतून समलैंगिक मुलगा घडतो. त्या पेशंटांचं निदान करणारे आणि निष्कर्ष काढणारे एकाच विचाराचे होते, ही त्यातली मोठी खोट.

बेल, वाइनबर्ग, हॅमरस्मिथ यांनी दवाखान्यातले पेशंट न घेता ९७९ समलैंगिक आणि ४७७ भिन्नलैंगिक स्त्रीपुरुषांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या आणि आईचा स्वभाव, बापाचा स्वभाव, भावंडं, शाळा अशा एकेका घटकाचा परिणाम आकडेवारीनं तपासला. आईबापांच्या वागण्याचा म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही.

हे आपल्याकडच्या घरांपर्यंत कधी पोचलंच नाही. ‘आईच्या पदराला फार धरून होता’, ‘हॉस्टेलला पाठवला तिथेच बिघडला’, ‘बाप कायम बाहेरगावी, मग काय होणार’ ही वाक्यं आजही चालतात. संगोपनाच्या सिद्धांताचं बिल नेहमी आईच्या नावे फाटतं. मुलानं घरी सांगितल्यावर ‘माझं काय चुकलं?’ म्हणत रडणारी आई तिच्याही नकळत बीबरचं पुस्तक वाचत असते.

मग उत्तर निसर्गाच्या बाजूचं आहे का? नव्वदच्या दशकात तसं वाटलं होतं. १९९१ साली सायमन लव्हे यांनी ४१ मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून हायपोथॅलॅमसमधला एक बारीकसा पुंजका समलैंगिक पुरुषांत सरासरीनं लहान असल्याचं मांडलं. १९९३ साली डीन हॅमर यांच्या गटानं समलैंगिक भावांच्या ४० जोड्यांपैकी ३३ जोड्यांमध्ये एक्स गुणसूत्राच्या टोकाचा एकच भाग आल्याचं दाखवलं. ‘गे जीन सापडला’ अशा मथळ्यांनी जग भरलं. १९९९ साली कॅनडातल्या एका गटाला आपल्या भावांच्या जोड्यांमध्ये हा दुवा सापडला नाही.

जुळ्यांचे अभ्यास जास्त बोलके आहेत. १९९१ साली मायकल बेली आणि रिचर्ड पिलार्ड यांनी असे पुरुष घेतले जे समलैंगिक आहेत आणि ज्यांना जुळा किंवा दत्तक भाऊ आहे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये दुसरा भाऊही समलैंगिक असण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं, वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांमध्ये २२ टक्के आणि दत्तक भावांमध्ये ११ टक्के. हे लोक समलैंगिकांच्या नियतकालिकांत जाहिराती देऊन गोळा केले होते, त्यामुळे भाऊही समलैंगिक असलेले जास्त पुढे आले असण्याची शक्यता होती. बेलींनीच २००० साली ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदणीतून माणसं निवडली तेव्हा एकबीज जुळ्या पुरुषांतला तो आकडा २० टक्क्यांच्या आसपास आला.

म्हणजे जनुकं शंभर टक्के तीच, पोट तेच, घर तेच, शाळा बहुधा तीच, आणि तरीही बहुतेक वेळा एक समलैंगिक आणि दुसरा नाही. निसर्गवाल्यांना हे पचणं कठीण आहे. पण संगोपनवाल्यांनीही टाळ्या वाजवू नयेत. २०१० साली स्वीडनमधल्या साडेसात हजारांवर जुळ्या व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांमधला फरक जनुकांनी साधारण ३४ ते ३९ टक्के स्पष्ट झाला, आणि भावांमध्ये जे समान असतं, म्हणजे घर, आईबाप, संस्कार, त्याचा वाटा जवळपास शून्य निघाला. स्त्रियांमध्ये जनुकांचा वाटा १८-१९ टक्के आणि समान वातावरणाचा १६-१७ टक्के होता. उरलेला सगळा मोठा भाग ‘स्वतंत्र वातावरण’ या सदरात गेला.

हा शब्द फसवा आहे. ‘वातावरण’ म्हटलं की आपल्याला संगत, शाळा, मोबाईल आठवतो. पण या गणितात जनुकं आणि सामायिक घर वजा केल्यावर जे काही उरतं ते सगळं तिथे टाकलेलं असतं. गर्भात एकाला मिळालेलं वेगळं रक्त, मेंदूच्या घडणीतले योगायोग, एखादा आजार, आणि मोजमापातल्या चुकाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘मिसलेनियस’ नावाचं फोल्डर. त्याच्या जोरावर कुणाच्या संगतीला दोष देता येत नाही. तसंच ३९ टक्के हा आकडा एका माणसाबद्दल काही सांगत नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो.

‘जन्मतः की नंतर’ या प्रश्नाची चौकटच कशी तुटते, याचं सर्वांत चांगलं उदाहरण थोरल्या भावांचं आहे. कॅनडातल्या रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांना आढळलं की प्रत्येक थोरल्या भावामागे धाकट्या मुलाची समलैंगिक असण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं वाढते. मूळ शक्यता दोन टक्के धरली तर ती पावणेतीन टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे थोरले भाऊ असलेले बहुसंख्य मुलगे भिन्नलैंगिकच असतात. २००६ साली बोगार्ट यांनी दाखवलं की एकाच आईच्या पोटी आलेले भाऊच इथे मोजले जातात, मग ते एका घरात वाढले असोत वा नसोत. सावत्र किंवा दत्तक थोरल्या भावांचा परिणाम दिसत नाही. हे संस्कार नव्हेत. पण मुलाला मिळालेली जनुकंही नव्हेत. हे गर्भाशयातलं वातावरण आहे. ‘वाण’ आणि ‘गुण’ या दोन्ही शब्दांत न बसणारं काहीतरी.

शेवटी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास आला. जनुकसंचात पाच जागा सापडल्या, त्यांचा एकत्रित परिणाम एक टक्क्याहूनही कमी. सगळे बारीकसारीक फरक धरले तर ८ ते २५ टक्के. यावर ‘गे जीन अस्तित्वात नाही’ असे मथळे आले, आणि काहींनी त्याचा अर्थ ‘म्हणजे हे सगळं शिकलेलं’ असा घेतला. उंचीचंही एक जनुक नाही. म्हणून उंची कुणी संगतीतून उचलत नाही.

एक घर, दोन भावंडं

हे सगळं डोक्यात ठेवून ‘कोबाल्ट ब्लू’ वाचायला घेतली तर गंमत येते. कुंडलकरांनी विज्ञान मनात धरून ही कादंबरी लिहिली असं मुळीच म्हणायचं नाही, पण तिची रचना एखाद्या काटेकोर प्रयोगासारखी आहे. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर. तेच आईबाप, तेच संस्कार, तेच जेवणाचं टेबल. वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो, ज्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. घरातली मुलगी अनुजाही त्याच्याच प्रेमात पडते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. पुस्तकाचा पहिला भाग तनयचं स्वगत, दुसरा अनुजाची डायरी.

समान वातावरण जितकं समान असू शकतं तितकं इथे आहे. दोघांना आवडलेला माणूससुद्धा एकच. आणि पुस्तकात एकाही ठिकाणी तनय ‘मी असा का?’ म्हणत बसत नाही. त्याच्या बालपणात कुठे पुरावा पेरलेला नाही. उलट मुलासारखी म्हणावी अशी आहे ती अनुजा. ट्रेकला जाणारी, नटण्यामुरडण्यात रस नसलेली, घरच्यांना ‘हिचं कसं होणार’ अशी चिंता लावणारी. ती एका पुरुषाच्या प्रेमात पडते. तेंडुलकरांच्या नाटकातलं गणित इथे कुठलाही गाजावाजा न करता रद्द होतं. अनुजाच्या ट्रेकिंगच्या बुटांना काही सिद्ध करायचं नसतं. ते फक्त बूट असतात.

कारणाची फाईल नसल्यामुळे तनयच्या वाट्याला काय येतं? तपशील येतो. त्या खोलीतला प्रकाश, त्याचे हात, त्याचं आपल्या मनासारखं जगणं, एकट्यानं राहण्याचं त्याला असलेलं शहाणपण. तनय त्याच्याशी थेट बोलतो, ‘तू’ म्हणून. मित्राची गोष्ट बापू सांगतो. तनयची गोष्ट तनय सांगतो. समोर न्यायाधीश किंवा डॉक्टर बसला आहे असं समजून त्याला बोलावं लागत नाही. त्यामुळे त्याला प्रेमभंग झालेल्या कुठल्याही माणसासारखं दुःखी होता येतं. मराठी कादंबरीत समलैंगिक पात्राला एवढं साधं दुःख मिळणं ही तेव्हा छोटी गोष्ट नव्हती.

मात्र कादंबरी प्रश्न विचारत नाही म्हणून घर तो विचारणार नाही, असं नाही. याचं भान कुंडलकरांना आहे. तो तरुण अनुजाला सोडून गेल्यावर ती घरी परतते आणि सारं घर तिच्याभोवती गोळा होतं. राग, लाज, चिडचिड, मानसोपचारतज्ज्ञ, सगळं होतं. तिचं दुःख बदनाम आहे, पण दिसतं. त्याच घरात तनयही त्याच माणसासाठी झुरतो आहे आणि कुणाला पत्ता नाही. दोघांना एकच जखम, एकीच्या जखमेला नाव आहे. तनय घरी सांगत नाही, कारण सांगितल्यावर पहिला शब्द काय येईल हे त्याला माहीत आहे. तो शब्द ‘कोण?’ नसेल. ‘कधीपासून?’ही नसेल. तो ‘का?’ असेल.

कादंबरीवर एक आक्षेप घेता येतो. हा न विचारण्याचा मोकळेपणा तनयला परवडतो, कारण त्याच्यापाशी मुंबईला निघून जाण्याची सोय आहे. शिक्षण, भाषा, थोडे पैसे, पुरुष असणं. मित्राला यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. तिला खोलीसुद्धा दुसऱ्याची लागते. त्यामुळे तेंडुलकर जुनाट आणि कुंडलकर आधुनिक अशी सोपी विभागणी करून चालणार नाही. तेंडुलकरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती जी ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये मागे पडते : समाज नुसता प्रश्न विचारून थांबत नाही, तो पत्रं पळवतो, धमक्या देतो, दारं बंद करतो. मन्या दळवीला मित्रा तशी का आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त ती तशी आहे हे कळणं पुरेसं आहे.

उत्तर कुठलंही असो

इथे एक जण म्हणेल की ‘जन्मजात आहे’ हे सिद्ध होणं कामाचं तर आहे ना! घरच्यांना समजावायला, कोर्टात लढायला. हे खरं आहे आणि त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. ‘देवानंच असा घडवला’ या वाक्यानं अनेक आईबापांचा जीव थाऱ्यावर आला असेल. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालात कलम ३७७ मधला प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द झाला, तेव्हाही लैंगिक कल हा माणसाचा स्वाभाविक भाग असतो हा मुद्दा निकालपत्रात ठळकपणे आला.

पण इतिहासात दोन्ही उत्तरांनी माणसं मारली आहेत. संगोपनाच्या उत्तरातून ‘सुधारणा उपचार’ आले : विजेचे झटके, उलटीची औषधं, जबरदस्तीची लग्नं. हे आपल्याकडे इतकं अलीकडचं आहे की मद्रास उच्च न्यायालयाला २०२१ साली असे उपचार थांबवण्याचे आदेश द्यावे लागले आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. निसर्गाच्या उत्तराचा इतिहास काही सोज्वळ नाही. दोष शरीरात आहे ना, मग शरीर दुरुस्त करू. १९४४ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हॅर्नेट नावाच्या डॅनिश डॉक्टरानं समलैंगिक कैद्यांच्या शरीरात हार्मोनच्या गोळ्या शिवल्या. १९५२ साली ब्रिटनमध्ये अॅलन ट्युरिंगना दोषी ठरवून तुरुंग किंवा हार्मोन असा पर्याय दिला गेला. ज्या माणसाच्या गणितावर आमचा सगळा धंदा उभा आहे, त्यानं हार्मोन निवडले आणि १९५४ साली तो वारला, वय ४१. त्याच्या शरीरावर उपचार करणाऱ्यांचा ‘वाणा’वर पूर्ण विश्वास होता.

उद्या जनुकांवरून शक्यता सांगणारी एखादी चाचणी कुणी विकायला काढली तर? ती शास्त्रीयदृष्ट्या फालतू असेल, २०१९ च्या अभ्यासातूनच ते स्पष्ट होतं. पण सोनोग्राफी मशीनचा महाराष्ट्रानं काय उपयोग केला हे आपल्याला माहीत आहे. १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, कारण गरज इथेच तेवढी होती. मुलगी असणं तर शंभर टक्के जन्मजात होतं. त्यानं कुठल्याही मुलीचा जीव वाचला नाही.

आणि उलटं पाहा. धर्म हा संपूर्णपणे संगोपनाचा भाग. कुणाच्या गुणसूत्रात देव्हारा नसतो. धर्म बदलताही येतो. तरीही आपली राज्यघटना धर्मावरून भेदभाव करू देत नाही, आणि ‘आधी सिद्ध करा की तुमची श्रद्धा जन्मजात आहे’ असं कुणी म्हणत नाही. मग प्रेमाबद्दलच हा दाखला का मागायचा? २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी नैसर्गिक म्हणजे चांगलं आणि अनैसर्गिक म्हणजे वाईट या समीकरणावरच प्रश्नचिन्ह लावलं. चर्चेत तो भाग कमी आला, पण जास्त पुढे नेणारा तोच आहे. जन्मतः असो, गर्भात ठरलेलं असो, नंतर कळलेलं असो, दोन प्रौढ माणसांनी एकमेकांवर प्रेम करायला कारणाचा कागद लागू नये.

मराठीत या विषयावर मोकळेपणी बोलण्याची परंपरा वाटते त्याहून जुनी आहे. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ साली सुरू झालं. वाचक पत्रं लिहून आपले अगदी खासगी प्रश्न विचारत, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे पाप-पुण्य न काढता उत्तरं देत. १९३४ साली अशा उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कोर्टात हा वाद झाला तेव्हा खरा मुद्दा लोकांना विचारता आणि बोलता येतं की नाही, हा होता. विचारणाऱ्यांना आपल्या आयुष्याचं काय करायचं हे हवं होतं.

त्या दृष्टीनं ‘मित्राची गोष्ट’ पुन्हा वाचावी, आणि जमलं तर कुणीतरी ती आज पुन्हा करावी. मित्राची चाल, तिचा आवाज, तिचं ‘पुरुषी’ असणं हे सगळं कारण म्हणून न वापरता, नमाला भुललेली न समजता. संहिता तीच ठेवूनही हे करता येईल, कारण बापूच्या हातात असलेल्या क्षणांपाशी नाटक आजही उघडं आहे. मित्रा दवाखान्यातून परतून त्याला सगळं सांगते, तेव्हा ती त्याच्याकडे निदान मागत नाही. ती विचारते आहे की हे कळल्यावरही तू माझा मित्र राहशील का. बापूला उत्तर द्यायला एक अख्खं नाटक मिळतं.